मस्ट, मे आणि कॅन : नियम सांगावा कीं शोधूं द्यावा?

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी मुलाला जे शब्द खरोखर अडवितात ते लांबलचक नसतात. लांब शब्द कोशांत सांपडतात, पाठ होतात, आणि एकदां पाठ झाले म्हणजे सहसा दगा देत नाहींत. दगा देतात ते दोन-चार अक्षरांचे, दिसण्यांत अगदीं निरुपद्रवी असे शब्द. कॅन, कुड, मे, माइट, मस्ट, शॅल, शुड, विल आणि वुड हे त्यांतले नऊ. ऑट व नीड हे त्यांच्याच पंक्तीला बसणारे आणखी दोन. इंग्रजी व्याकरणांत यांस मोडल क्रियापदें म्हणतात. आपण त्यांना भावदर्शक साहाय्यक क्रियापदें म्हणूं. मुख्य क्रियापद क्रिया कोणती तें सांगतें. ती क्रिया शक्य आहे कीं आवश्यक आहे, तिला परवानगी आहे कीं मनाई आहे, बोलणाऱ्याला ती निश्चित ठाऊक आहे कीं तो नुसता तर्क करीत आहे, हें मात्र या लहानशा शब्दावरून कळतें.

महाराष्ट्रांत २००० सालापासून मराठी शाळांतही पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी सुरू झालें. तरीही या शब्दांच्या बाबतींत बहुतेक वह्यांत अद्याप तोच जुना कोठा आढळतो : कॅन म्हणजे शकणें, मे म्हणजे कदाचित्, मस्ट म्हणजे पाहिजे, शुड म्हणजे ‘करावें’. हा कोठा पाठ करण्यास पांच मिनिटें पुरतात. आमचें म्हणणें असें कीं हा कोठा प्रारंभींच मुलाच्या हातीं देणें हेंच पुढील घोटाळ्याचें मूळ होय. त्याऐवजीं निवडक वाक्यें त्याच्यापुढें ठेवावींत, नेमके प्रश्न विचारावेत आणि नियम त्याच्याच तोंडून वदवावा. हा मार्ग लांबचा आहे, पण खात्रीचा आहे. त्याची कारणें व रीत प्रस्तुत लेखांत सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम घोटाळा कसा होतो तें पाहूं. आमच्या परिचयांतील एका तरुणानें नवीन नोकरीवर रुजू झाल्यावर दुसऱ्याच महिन्यांत बहिणीच्या लग्नासाठीं रजेचा अर्ज ई-मेलनें पाठविला. ‘आपण मला चार दिवसांची रजा द्यावी’ हें विनयाचें वाक्य त्यानें मनांत धरलें, आणि कोठ्याप्रमाणें ‘यू शुड ग्रँट मी लीव्ह फॉर फोर डेज’ असें तें इंग्रजींत उतरविलें. मराठींतील ‘द्यावी’ ही हात जोडून केलेली प्रार्थना आहे. इंग्रजींतील ‘यू शुड’ हा कर्तव्याची आठवण करून देणारा उपदेश आहे. वरिष्ठ अधिकारी दुसऱ्या प्रांतांतले, मराठी न जाणणारे. त्यांनीं रजा दिली, परंतु ‘या मुलाला बोलण्याची रीत नाहीं’ अशी त्यांची समजूत झाली, आणि ती पुसली जाण्यास वर्ष लागलें. मुलगा स्वभावानें गरीब. आपण काय अपराध केला हेंच त्याला कळेना. व्याकरणाच्या दृष्टीनें त्याच्या वाक्यांत एकही चूक नव्हती, म्हणून ती कोणी दाखविलीही नाहीं.

दुसरा प्रसंग याहून नाजूक आहे. पुष्कळ घरांत इंग्रजी कागद वाचून दाखविण्याचें काम शाळकरी नातवंडाकडे असतें. डॉक्टरांनीं औषधाच्या चिठ्ठीवर ‘मस्ट नॉट’ लिहिलें असलें, आणि नातवानें ‘पाहिजे’ला ‘नाहीं’ जोडून ‘घेतलेंच पाहिजे असें नाहीं’ असा अर्थ सांगितला, तर जी गोळी आजोबांनीं कदापि घेऊं नये ती ‘घेतली तरी चालेल, न घेतली तरी चालेल’ अशी होऊन बसते. येथें प्रश्न गुणांचा नाहीं, जिवाचा आहे.

या चुकांचें कारण मुलांचा आळस नव्हे. प्रत्येक भाषेनें आज्ञा, परवानगी, विनंती आणि तर्क यांची मांडणी आपापल्या परीनें केली आहे, आणि एकीची खूण दुसरीच्या खुणेवर चपखल बसत नाहीं. आपल्या ‘-आवें’ या एका प्रत्ययाचेंच उदाहरण घ्या. ‘खरें बोलावें’ यांत विधि आहे, ‘रजा द्यावी’ यांत प्रार्थना आहे, ‘आतां काय करावें?’ यांत मनाचा विचार आहे, आणि ‘यंदा पाऊस चांगला पडावा’ यांत इच्छा आहे. संस्कृत जाणणारांस हें नवें नाहीं. पाणिनीनें अष्टाध्यायीच्या तिसऱ्या अध्यायांत लिङ् प्रत्ययाचे अर्थ सांगतांना विधि, निमंत्रण, आमंत्रण, अधीष्ट, संप्रश्न आणि प्रार्थना असे सहा भेद मोजले आहेत. टीकाकार त्यांतील सूक्ष्म अंतरही दाखवितात. ज्या बोलावण्याला नकार देतां येत नाहीं तें निमंत्रण. येणें न येणें ज्यांत ऐकणाऱ्याच्या इच्छेवर सोपविलेलें असतें तें आमंत्रण. वडील माणसाला आदरपूर्वक केलेली सूचना तें अधीष्ट. ‘हें करूं कीं तें करूं’ असा विचार तो संप्रश्न. रूप एकच, परंतु कोण कोणाला बोलतो आणि ऐकणाऱ्याला नाकारण्याची मोकळीक आहे कीं नाहीं, यावर अर्थ ठरतो. इंग्रजीनें हेच अर्थ निरनिराळ्या शब्दांत वांटून टाकले, आणि त्यांतील एकेका शब्दाला पुन्हां दोन-दोन, तीन-तीन कामें दिलीं. मग एका शब्दासमोर एक प्रतिशब्द लिहिणारा कोठा खरा कसा ठरावा?

म्हणून अर्थ सांगण्यापेक्षां अर्थ ओळखण्याची दृष्टि देणें हें शिक्षकाचें काम आहे. ही कल्पना जुनी आहे. प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादांत सॉक्रेटिस एका अशिक्षित दास-मुलाला भूमितींतला एक प्रश्न घालतो : दिलेल्या चौरसाच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस कसा काढावयाचा? मुलगा प्रथम मोठ्या विश्वासानें सांगतो कीं बाजू दुप्पट करावी. आकृति काढून पाहतां क्षेत्रफळ चौपट झाल्याचें त्याच्याच ध्यानांत येतें, तो गोंधळतो, आणि प्रश्नामागून प्रश्न विचारले जातां जातां कर्णावर चौरस काढावा हें त्याला दिसतें. यांतील मधला गोंधळ फार महत्त्वाचा आहे. आपल्याला येत नाहीं हें कळल्यावांचून शोधण्याची इच्छाच होत नाहीं. अलीकडच्या काळांत जेरोम ब्रूनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १९६१ सालीं एका प्रसिद्ध निबंधांत, मुलानें स्वतः शोधून काढलेलें ज्ञान त्याच्या स्मरणांत अधिक टिकतें व वेळेवर उपयोगास येतें, असें प्रतिपादन केलें.

आतां प्रत्यक्ष रीत सांगतों. सायंकाळीं आमच्याकडे आठवी-नववींतलीं सात-आठ मुलें बसतात. पहिल्या दिवशीं आम्ही फळ्यावर नियम लिहीत नाहीं. आठ चिठ्ठ्या जमिनीवर मांडतों. प्रत्येक चिठ्ठीवर एक वाक्य, आणि तें कोण कोणास म्हणतें याची नोंद असते. आई मुलाला म्हणते, ‘यू मस्ट वॉश युवर हँड्स.’ आजी प्रवासाहून आलेल्या पाहुण्याला म्हणते, ‘यू मस्ट बी टायर्ड.’ शिक्षक विद्यार्थ्याला म्हणतात, ‘यू मे गो नाउ.’ शेतकरी शेजाऱ्याला म्हणतो, ‘इट मे रेन टुनाइट.’ मैत्रीण मैत्रिणीला विचारते, ‘कॅन आय टेक युवर पेन?’ आणि तिसरीविषयीं सांगते, ‘शी कॅन स्विम.’ मित्र आजारी मित्राला म्हणतो, ‘यू शुड सी अ डॉक्टर.’ थांब्यावरचा प्रवासी घड्याळ पाहून म्हणतो, ‘द बस शुड बी हिअर बाय नाउ.’

यानंतर एवढेंच सांगावयाचें : ‘सारख्या चिठ्ठ्या एकत्र करा.’ मुलें अर्थातच शब्द पाहून चार जोड्या लावतात; मस्टशेजारीं मस्ट, मेशेजारीं मे. त्यांना रागवूं नये. त्यांना प्रत्येक जोडीचें मराठी करावयास सांगावें. ‘तूं हात धुतले पाहिजेस’ हें सरळ येतें. पुढचें वाक्य येतें ‘तूं दमला पाहिजेस’, आणि सगळा वर्ग हंसतो. दमण्याची आज्ञा कोण करील? हाच तो मेनोमधला गोंधळ. येथें उत्तर सांगून टाकण्याचा मोह आवरावा आणि पहिला प्रश्न विचारावा : ‘बोलणारा माणूस समोरच्याला हालवूं पाहतो आहे, कीं जगांत काय आहे त्याविषयीं सांगतो आहे?’

चिठ्ठ्या पुन्हां हालतात. हात धुणें, जाणें, पेन आणि डॉक्टर हीं वाक्यें एका बाजूस. दमणें, पाऊस, पोहणें आणि बस हीं दुसऱ्या बाजूस. मागें एका मुलानें पोहण्याची चिठ्ठी हातांतच धरून ठेवली. ‘गुरुजी, पावसाचा अंदाज आहे, बसचा अंदाज आहे, पण ती पोहते हें ठाऊकच आहे. तें अंदाजांत कसें ठेवूं?’ आम्हीं विचारलें, ‘मग कोठें ठेवतोस?’ त्यानें ती चिठ्ठी निराळी ठेवली आणि त्या ढिगाला ‘अंगची कला’ असें नांव दिलें. व्याकरणकार यालाच सामर्थ्य म्हणतात. मुलानें दिलेलें नांव आम्ही बदलीत नाहीं. शास्त्रीय संज्ञा शेवटीं सांगितली तरी चालते. तेवढ्यांत एक मुलगी म्हणाली, ‘म्हणजे एकच शब्द दोन्हीं बाजूंस बसतो!’ कोठा तेथेंच मोडला. आणि तो आम्हीं मोडला नाहीं.

आतां दुसरा प्रश्न. समोरच्याला हालविणाऱ्या ढिगाविषयीं विचारावें, ‘ऐकणाऱ्याला नाहीं म्हणणें कोठें सर्वांत कठीण आहे?’ मुलें चिठ्ठ्या उतरत्या क्रमानें लावतात : मस्ट, मग शुड, मग मे व कॅन. आईला नाहीं म्हणतां येत नाहीं. मित्राचा सल्ला टाळतां येतो. परवानगी मिळाली म्हणून जाण्याची सक्ति नसते. मग अंदाजाच्या ढिगाविषयीं विचारावें, ‘बोलणाऱ्याची खात्री कोठें सर्वांत अधिक आहे?’ तेथेंही तोच क्रम लागतो : दमल्याविषयीं आजीची जवळजवळ खात्री, बसविषयीं बरीच अपेक्षा, पावसाविषयीं नुसती शक्यता. दोन्हीं ओळी शेजारीं शेजारीं पाहिल्या म्हणजे मुलांचे डोळे चमकतात. आज्ञेचा जोर आणि खात्रीचा जोर एकाच चढणीनें चढतो! हा नियम पुस्तकांत दोन निरनिराळ्या प्रकरणांत विखुरलेला असतो. चिठ्ठ्यांवर तो एका दृष्टिक्षेपांत दिसतो. शेवटीं मराठीकडे वळावें. ‘तो घरीं गेला पाहिजे’ आणि ‘तो घरीं गेला असला पाहिजे’ यांत फरक काय, असें विचारतांच मुलें सांगतात कीं पहिलें सक्तीचें, दुसरें तर्काचें. आपल्या ‘पाहिजे’लाही दोन कामें आहेत हें त्यांना प्रथमच कळतें. तर्काच्या कामीं आपण ‘असला’ घालतों; इंग्रजी नुसत्या मस्टवर भागवितें.

दुसऱ्या दिवशींचा विषय कुड आणि वुड. ‘कॅन यू ओपन द डोअर?’ आणि ‘कुड यू ओपन द डोअर?’ हीं दोन वाक्यें ठेवावींत. कुड हा कॅनचा भूतकाळ, एवढें मुलांना शाळेंत सांगितलेलें असतें; म्हणून तीं ‘तूं दार उघडूं शकलास काय?’ असें भाषांतर करतात. दार तर अद्याप बंदच आहे! येथें आम्ही इंग्रजी बाजूला ठेवतों आणि विचारतों, ‘शेजारच्या काकूंकडे साखर मागायला गेलांत, तर काय म्हणतां?’ उत्तर ठरलेलें असतें : ‘काकू, वाटीभर साखर हवी होती.’ ‘हवी होती? म्हणजे काल हवी होती, आज नको?’ क्षणभर शांतता पसरते, मग हंसें. ‘नाहीं गुरुजी, आतांच हवी आहे. पण हवी आहे म्हटलें तर मागणी केल्यासारखें वाटतें.’ बस्स, नियम सांपडला. भूतकाळ वापरला म्हणजे मागणी जरा दूर सरकते, आणि समोरच्या माणसाला नाहीं म्हणावयास जागा राहते. ‘मला आपल्याशीं थोडें बोलायचें होतें’ असें आपण म्हणतों तें याच कारणानें. कुड, वुड, माइट आणि शुड हीं मूळचीं कॅन, विल, मे आणि शॅल यांचीं भूतकाळचीं रूपें. त्यांतील शुडनें उपदेशाचें निराळेंच काम पत्करलें, पण बाकीच्या तिघांत हा दूर सरकण्याचा गुण स्पष्ट दिसतो. जें मूल काकूंशीं बोलतांना हा नियम रोज पाळतें त्याला तो शिकवावयाचा नसून केवळ दाखवावयाचा असतो.

यानंतर वर सांगितलेला रजेचा अर्ज, नांवगांव काढून, आम्ही मुलांपुढें ठेवतों. त्यांना एकच प्रश्न : ‘या वाक्यांत साहेबांना नाहीं म्हणावयास जागा आहे काय?’ मुलें स्वतःच तो सुधारतात. कोणी ‘कुड यू काइंडली ग्रँट मी लीव्ह’ लिहितें, कोणी ‘मे आय टेक लीव्ह’ लिहितें, कोणी ‘आय वुड बी ग्रेटफुल इफ यू कुड’ अशी सुरवात करतें. तिन्हीं उत्तरें ग्राह्य आहेत. त्यांतील कोणतें अधिक औपचारिक यावर वाद होतो, आणि तो वाद म्हणजेच अभ्यास.

तिसरा दिवस ‘नॉट’चा. ‘यू मस्ट गो’ आणि ‘यू हॅव टू गो’ हीं दोन्हीं वाक्यें जवळजवळ एका अर्थाचीं आहेत. त्यांत नकार घातला कीं त्यांच्या वाटा फुटतात. ‘यू मस्ट नॉट गो’ ही मनाई. ‘यू डू नॉट हॅव टू गो’ किंवा ‘यू नीड नॉट गो’ ही मोकळीक. मुलांना येथें एकच कसोटी द्यावी : ‘तरीही गेलें तर चालेल काय?’ पहिल्यास उत्तर ‘चालणार नाहीं’, दुसऱ्यास ‘चालेल’. मग मराठी लावावें : ‘जाऊं नये’ आणि ‘जाण्याची गरज नाहीं’. आपलें ‘जायला नको’ हें मात्र जपून वापरावें. कारण तें प्रसंगीं मनाईही होतें आणि प्रसंगीं मोकळीकही होतें, आणि आपल्या मुलांचा पाय बहुधा तेथेंच घसरतो. या दिवशीं घरांतील औषधांचीं वेष्टणें, विद्युत् उपकरणांबरोबर येणारीं सूचनापत्रकें आणि प्रवासांतील पाट्या यांवरून मुलांनीं वाक्यें टिपून आणावींत. आजोबांच्या गोळीवरील सूचना अचूक वाचणारें मूल परीक्षेंत कांहीं गुणांनीं मागें पडलें तरी आम्हांस चिंता वाटत नाहीं.

रूपांचे नियम मुलें न विचारतांच शोधतात. कोणत्याही पुस्तकाचें एक पान द्यावें आणि ‘ही कॅन्स’ किंवा ‘शी मस्ट्स’ शोधून काढण्यास सांगावें. एकही सांपडत नाहीं. या शब्दांना तृतीय पुरुषाचा ‘स’ लागत नाहीं, प्रश्न करतांना ‘डू’ची मदत लागत नाहीं, आणि ऑट वगळतां पुढें ‘टू’ येत नाहीं, हीं तीन सूत्रें मुलेंच लिहितात. असें कां, हें मात्र शिक्षकानें सांगावें, कारण तें एका पानावरून शोधण्याजोगें नाहीं. यांतील बहुतेक क्रियापदें फार प्राचीन काळीं भूतकाळचीं रूपें होतीं आणि त्यांस वर्तमानकाळचा अर्थ आला. म्हणून वर्तमानकाळचा प्रत्यय त्यांना लागलाच नाहीं. संस्कृतांत याचें जिवंत उदाहरण आहे. विद् धातूचें ‘वेद’ हें रूप घडणीनें परोक्ष भूतकाळचें, पण अर्थ ‘जाणतो’ असा वर्तमानकाळचा. पाणिनीनेंही या विकल्पाची नोंद केली आहे. कॅन या शब्दाचा मूळ अर्थही ‘जाणणें’ असाच होता, आणि भाषाशास्त्रज्ञ त्याचें नातें आपल्या ‘ज्ञा’ धातूशीं लावतात. ज्याला ज्ञान झालें त्याला तें करतां येतें, म्हणून जाणण्यांतून ‘येणें’ हा अर्थ निघाला. ‘मला पोहायला येतें’ म्हणणाऱ्या मराठी मुलाला हें नातें परकें वाटत नाहीं.

या पद्धतीवर कांहीं आक्षेप घेतले जातात, आणि ते विचारांत घेण्यासारखे आहेत. पहिला वेळेचा. पांच मिनिटांच्या कोठ्याऐवजीं तीन संध्याकाळी घालविणें शाळेच्या वेळापत्रकांत बसत नाहीं, हें खरें. परंतु कोठा दरवर्षीं पुन्हां पाठ करावा लागतो आणि दरवर्षीं पुन्हां विसरतो, हाही हिशेब मांडावयास हवा. दुसरा आक्षेप असा कीं मुलें चुकीचा नियम शोधतील. शोधतातच. एकदां एका मुलानें ठरविलें कीं मे हा शब्द फक्त मोठ्यांनीं लहानांशीं बोलतांना वापरावयाचा. अशा वेळीं वाद न घालतां नवी चिठ्ठी पुढें टाकावी : दाराशीं उभा विद्यार्थी म्हणतो, ‘मे आय कम इन?’ मुलानें स्वतःच नियम दुरुस्त केला कीं परवानगी देणारा मोठा असतो. मागणारा मात्र लहान असूं शकतो. अशी उलट उदाहरणें शिक्षकाजवळ आधींपासून तयार असलीं पाहिजेत. मुलांना वाऱ्यावर सोडून ‘शोधा’ म्हणणें ही पद्धति नव्हे. रिचर्ड मेयर या मानसशास्त्रज्ञानें २००४ सालीं अनेक दशकांच्या प्रयोगांचा आढावा घेऊन दाखविलें कीं निव्वळ स्वैर शोधापेक्षां मार्गदर्शनाखालील शोध अधिक फलदायी ठरतो. वाक्यें निवडणें, प्रश्नांचा क्रम लावणें आणि शेवटीं सांपडलेला नियम एका ओळींत स्पष्ट म्हणून घेणें, हीं तीन कामें शिक्षकाचीं. तीं त्यानें कोणावरही सोपवूं नयेत. उच्चार तर सरळ सांगावेतच. कुड, शुड, वुड यांत लिहिला जाणारा ‘ल’ उच्चारीत नाहींत, आणि त्यांतही कुडमधला ‘ल’ मूळचा नसून इतर दोघांच्या संगतीनें आलेला आहे, ही गोष्ट सांगितली कीं मुलांना गंमत वाटते आणि अक्षरें ध्यानांत राहतात.

तिसरा आक्षेप जुन्या पिढीचा आहे : ‘तर्खडकरांच्या भाषांतरपाठमालेवर आणि रेन-मार्टिनच्या व्याकरणावर आमचें इंग्रजी पक्कें झालें, मग नवें खूळ कशाला?’ त्या ग्रंथांविषयीं आम्हांस आदरच आहे. परंतु सांगितलेला नियम हा नेहमींच भाषेंतून घेतलेला असतो असें नाहीं. ‘आय’ व ‘वी’ यांच्यापुढें साध्या भविष्यकाळीं शॅल आणि इतरत्र विल, हा नियम जॉन वॉलिस या गणितज्ञानें १६५३ सालीं लॅटिनमध्यें लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणांत मांडला. तो पुढें पाठ्यपुस्तकांत शिरला आणि समुद्र ओलांडून आपल्या वर्गांत येऊन बसला. आजच्या कोणत्याही इंग्रजी वृत्तपत्रांत मुलांनीं शोध घेतला तर ‘आय विल’ आणि ‘वी विल’ जागोजाग आढळेल. शॅल उरला आहे तो ‘शॅल वी गो?’ अशा विचारण्यांत आणि कायद्याच्या भाषेंत. आपल्या राज्यघटनेच्या इंग्रजी मसुद्यांत शॅल आणि मे यांना मोठें वजन आहे : एकानें बंधन येतें, दुसऱ्यानें सामान्यतः अधिकार मिळतो. कायद्यांतील एखादा मे हा शॅलच्या अर्थीं वाचावा काय, याचा निर्णय न्यायालयांना वेळोवेळीं करावा लागला आहे. घरांत कोणी वकील असल्यास मुलांनीं त्यांना याविषयीं अवश्य विचारावें. पांडित्यानें मुरलेल्या माणसांनाही ‘नाकारण्याची मोकळीक आहे कीं नाहीं’ हा प्रश्न सोडवावा लागतो, हें पाहून मुलांना धीर येतो.

एकत्र कुटुंबांत ही पद्धति चालविण्यास शिकवणीची गरज नाहीं. रात्रीचीं जेवणें झाल्यावर आठवड्यांतून दोन वेळां अर्धा तास पुरे. एका दिवशीं दोनच शब्द घ्यावेत. प्रत्येकाचीं चार वाक्यें, आणि तीं घरांतल्या प्रसंगांचीं. वाक्य कोण कोणाला म्हणतो तें लिहिल्यावांचून चिठ्ठी पुढें ठेवूं नये. मोठ्या मुलानें धाकट्याला विचारावें, आणि अडलें तर काकांनीं नियम न सांगतां एक नवें वाक्य द्यावें. सर्वांत कठीण काम आजोबांचें असतें : उत्तर ठाऊक असून ओंठ मिटून बसावयाचें! आपल्या घरांत वडील माणसांनीं सांगावें आणि मुलांनीं ऐकावें ही रीत आहे, आणि ती योग्यही आहे. पण मूल विचार करीत असतांना दोन मिनिटें गप्प राहणें यानें वडीलपणास उणेपणा येत नाहीं. मूल वाट चुकून पुन्हां वाटेवर येतें तें पाहण्यांत जो आनंद आहे, तो त्याला बोट धरून नेण्यांत नाहीं.

या अभ्यासाचा शेवटचा लाभ इंग्रजीपुरता राहत नाहीं. आपण कोणाशीं बोलतों, आपला शब्द त्याच्यावर किती भार टाकतो, आणि त्याला नकार देण्यास आपण जागा ठेवली आहे कीं नाहीं, हे प्रश्न ज्या मुलानें चिठ्ठ्यांवर सोडविले तें मूल मराठींत बोलतांनाही जपून बोलूं लागतें असा आमचा अनुभव आहे. येत्या सुट्टींत वाचकांनीं आपल्या घरीं आठ चिठ्ठ्या मांडून हा प्रयोग करून पाहावा, एवढीच विनंती; आणि ही विनंती इंग्रजींत कोणत्या शब्दानें करावी, तें घरांतील मुलांसच विचारावें.